वीतभर दार

या, असे जवळ सरका. मागच्यांनो, तुम्हीसुद्धा. भिंतीला टेकलेला माणूस अर्धाच ऐकतो, हे मी वर्षानुवर्षं कीर्तनात बसून शिकलो आहे. आज मी तुम्हाला एका दाराचं आख्यान सांगणार आहे. ते दार वीतभर उघडं राहिलं म्हणून मी तुमच्यासमोर बसलेला आहे. कथेत रक्त आहे, आधीच सांगतो. आणि शेवटी मी एक मागणं मागेन, ते ऐकल्याशिवाय उठू नका.

पण कीर्तनाची रीत मोडायची नाही. आधी निरूपण, मग कथा.

सन दोन हजार एक्केचाळीस. वर्धा नदीच्या अलीकडे धामणडोहची कोळसा खाण. जमिनीखाली तीनशे मीटरवर बोगद्यांचं जाळं, सगळं मिळून एकसष्ट किलोमीटर. एवढ्या काळोखात माणसाला आधी उजेड लागतो असं वरच्यांना वाटतं. खोटं आहे. आधी वारा लागतो. वर मोठे पंखे आणि खाली लोखंडी दारं; कुठलं दार उघडं, कुठलं बंद, त्यावर वारा कुठे जाईल हे ठरतं. अशी शेहेचाळीस दारं होती.

आता बघा. दाराला दोनच गोष्टी ठाऊक, उघडं किंवा बंद. तरी शेहेचाळीस दारांच्या मांडण्या होतात सत्तर लाख कोटी. सेकंदाला हजार तपासल्या तरी बावीसशे वर्षं जातील, आणि खाली ग्यास पेटला तर माणसाच्या हातात अर्धा तास नसतो. त्यात वारा सरळ हिशेबाचा नाही. दुप्पट वारा हवा तर चौपट जोर लागतो. उलट, जोर निम्मा केला तर वारा निम्मा होत नाही, सत्तर टक्के उरतो. हे सत्तर टक्के गाठीला बांधून ठेवा. पुढे लागतील.

असलं अक्राळविक्राळ कोडं सोडवायचं कसं? सप्ताहाच्या काल्याला पाच चुली पेटतात आणि पाण्याची टाकी एकच असते. मुख्य आचारी पाचही पातेल्यांत डोकावत बसला तर पंगत दिवे लागल्यावर बसेल. तो चुली वाटून देतो आणि टाकीपाशी उभा राहून नुसता ओरडतो, "पाणी कमी हाय रे!" ज्याचा भात पाण्याशिवाय होणारच नाही तो घेतो, ज्याची भाजी निभते तो हात आखडतो. आचारी पुन्हा टाकी बघतो, पुन्हा हाक देतो. चार-सहा हाकांत पाचही चुली जुळतात. धामणडोहला जे यंत्र बसलं ते हेच करत होतं. त्यानं खाण पाच विभागांत कापली. प्रत्येक विभागाला एक गणक, त्याचं कोडं लहान. मधला मोठा गणक कोणालाच हुकूम करत नसे. वारा आज किती दुर्मीळ आहे एवढंच दर बारा सेकंदांनी सगळ्यांना सांगे. दोन विभागांच्या सीमेवरचं दार दोघांच्याही कोड्यात असे. दोघांचं त्या दाराबद्दल उत्तर एक झालं की निर्णय पक्का. नाहीतर मधला निकाल देई, आणि दार ढकलणारा दट्ट्या तो पाळी. आम्ही खाणवाले त्या यंत्राला वाढप्या म्हणायचो. ताटात वारा वाढणारा.

त्याचं गणित बसवलं होतं माझ्या ताईनं. करुणा लोनबले, त्या खाणीची वायुवीजन अधिकारी. मी तिचा धाकटा भाऊ नितेश, खाली पट्ट्यावर कोळसा सोडणारा. ती वारा वाढायची, मी तो खायचो.

पण कुठलीही वस्तू कापली की कापल्या रेषेवर थोडं सांडतंच. वाढप्याला माणूस नेमका कुठे उभा आहे हे कळत नसे. प्रत्येकाच्या दिव्यात चकतीएवढं टोकन असे, त्यावरून तो कुठल्या विभागात आहे एवढंच कळे. आणि आणीबाणीत दारांना हात लावायची मुभा कोणालाच नव्हती. पूर्वी दुसऱ्या एका खाणीत घाबरलेल्या साहेबानं भलतंच दार उघडून नऊ माणसं मारली होती. तेव्हापासून नियम झाला की आग लागली की दारं यंत्राची. माणसानं फक्त मोजणी सुधारायची, तीही दोन अंगठ्यांनी. एक वायुवीजन अधिकाऱ्याचा, एक लॅम्परूमच्या, म्हणजे उतरणाऱ्यांना दिवे देणाऱ्या खोलीच्या, प्रमुखाचा.

लॅम्परूमचे प्रमुख होते मारोती नागपुरे. आमचे काका. रक्ताचे नव्हेत, रक्ताहून जवळचे. माझे वडील सांबशिव लोनबले छत कोसळून गेले तेव्हा त्यांचं प्रेत पाठीवरून बाहेर आणणारे हेच. ताईची फी भरली यांनी. मला सायकल शिकवली यांनी. त्यांचा मुलगा रूपेश माझ्याच वयाचा, माझ्याच पाळीत.

निरूपण संपलं. आता कथा.

आमच्या टोळीची एक रीत होती. जो गडी खाली वारला, त्याच्या तिथीला त्याचं टोकन पुन्हा खाली न्यायचं. जिथे तो गेला तिथल्या खांबाला टांगायचं, खाली तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी ठेवायची, आणि पाळी सुटताना वर आणायचं. त्याची पाळी भरली, असं म्हणायचं. पितळी टोकनं होती तोवर काहीच अडचण नव्हती. मग दिव्यातली टोकनं आली आणि पितळ बंद झालं. तेव्हा ताईनं बाबाच्या नावाचं नवं टोकन काढून दिलं. चालू टोकन. का, तर खाणीत उतरायच्या विहिरीच्या तोंडाशी जो मोठा फलक आहे, त्यावर खाली असलेल्यांची नावं झळकतात. वर्षातून एक दिवस त्यात बाबाचं नाव यावं. आई दर वर्षी त्या दिवशी डबा घेऊन यायची, फलकासमोर बसायची आणि नाव बघत जेवायची. एवढ्यासाठी. यात पाप होतं असं मला अजूनही वाटत नाही. पण चूक होती.

त्या वर्षी मार्गशीर्षातल्या दशमीला बाबाचं टोकन माझ्या खिशात होतं. खाली उतरताना रूपेशनं मला कोपरानं ढोसलं.

"काय बुवा, टाळ नाय आणले आज?"

"तुयासारख्या बेतालासमोर कायले आणू?"

"अन् तुया इठ्ठल कुठी हाय? त्यानं ल्यांप घेतलेला नाय दिसला मले."

मी कीर्तनवेडा, पखवाज वाजवणारा, तो चेष्टेखोर. देवळात मागे बसून टाळ वाजवायचा आणि मुद्दाम अर्धी मात्रा उशिरा वाजवायचा, मी वळून बघेपर्यंत.

आम्ही दक्षिण विभागात पोचलो. पट्टा अडकला होता. मी पोचन्नाला, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या गड्याला, हाताशी घेऊन बसलो. बाबाची जागा तिथून नव्वद मीटर मागे होती, नऊ नंबरच्या दारापाशी.

रूपेश म्हणाला, "दे इकडं. तू पट्टा पाहा. मी टांगून येतो तुया बापाले. चार गोष्टीबी करतो त्याच्याशी, म्हणतो पोट्टं कामाचं नाय."

मी टोकन दिलं. तो शीळ घालत गेला. दहा वाजून चाळीस मिनिटं.

स्फोटाचा आवाज येतो असं लोक म्हणतात. मला आवाज आठवत नाही. कानावर कोणीतरी दोन्ही हातांनी घण घातले आणि मी उडून भिंतीवर आपटलो, एवढंच. मग छत आलं. डोळे उघडले तेव्हा माझा डावा पाय गुडघ्याखाली दगडात होता. दगड माझ्याहून मोठा होता. पोचन्नाची अर्धी मिशी जळून गेली होती आणि तो तेलुगूत आईच्या नावानं ओरडत होता. मुख्य वाटेवर काम करणारे दोघे, बंडू कुमरे आणि शामराव झाडे, त्याच क्षणी संपले. नंतर ओळख बुटांवरून पटली.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुख्य वाट पेटलेली. त्यापलीकडे दोन कप्पे. दक्षिणेत आम्ही, पूर्वेत चौघे, त्यांचा म्होरक्या भरत गेडाम. दोन्हीकडे छत पडून वाटा बुजलेल्या, कोणी कोणीकडे जाऊ शकत नव्हतं. स्वच्छ वारा येत होता तो एकाच जागेतून: वरपासून खालपर्यंत खणलेली वाऱ्याची नळी, हातभर रुंद, माणूस चढू शकणार नाही अशी. ती उतरते नऊ नंबरच्या दाराच्या तोंडाशी. दार उघडं असलं तर सगळा वारा दक्षिणेला, आणि पूर्वेत धूर शिरतो. दार बंद झालं तर वारा पूर्वेला, आणि धूर आमच्यात. बचाव पथकाला पोचायला पाऊण तास हवा होता. धुरात माणूस टिकतो दहा मिनिटं.

वर नियंत्रण कक्षात दोघंच होती, ताई आणि काका. बाकी सगळे विहिरीकडे धावले होते. त्या खोलीत जे घडलं ते मला ताईनं सांगितलं, आणि जे तिनं सांगितलं नाही ते खोलीतल्या ध्वनिमुद्रणानं.

पडद्यावर आकडे होते. दक्षिण चार, पूर्व चार. बरोबरी झाली की ज्याला कमी वारा लागतो त्याला आधी, असा नियम. दक्षिण नळीला जवळ. म्हणून वाढप्यानं दार नऊ उघडं ठेवलं होतं. पूर्वेचा गणक दर बारा सेकंदांनी "बंद" म्हणत होता, दक्षिणेचा "उघडं" म्हणत होता, आणि मधला दक्षिणेच्या बाजूनं निकाल देत होता.

ताईनं दक्षिणेची नावं वाचली. रूपेश नागपुरे. नितेश लोनबले. पोचन्ना आडेपू. सांबशिव लोनबले.

"काका, अंगठा द्या."

"कायचा अंगठा?"

"बाबाचं टोकन पुसायचं हाय. यंत्राले वाटते बाबा जिता हाय."

काकांनी पडद्यावरची नावं वाचली. त्यांना कळायला वेळ लागला नाही. आयुष्य खाणीत गेलेला माणूस.

"वाटू दे न मग."

"तिकडं चार हायत, काका. इकडं तीन."

"इकडं तुया भाऊ हाय! माया पोट्टा हाय! तुया बाप मेल्यावरबी लेकराले वारा घेऊन आला, अन् तू त्याले पुसून टाकतं?"

"भरत गेडामची बायको बाहेर उभी हाय. सातवा महिना हाय तिले."

"मायी बायकोबी उभी हाय बाहेर. तुयी मायबी."

ताईनं त्यांचा हात धरला आणि ओढला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण घण मारून झालेले दंड. त्यांनी तिला झटकलं, ती खुर्चीसकट पडली. उठून तिनं पुन्हा मनगट धरलं आणि अंगठा काचेकडे रेटू लागली. काकांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि तिच्या तोंडावर मारलं. पुढचा दात तुटून मेजावर पडला. ती सुटली नाही. तिनं त्यांच्या मनगटात दात रोवले, उरलेले, आणि रक्त येईपर्यंत सोडले नाहीत. काकांनी तिचं करंगळीशेजारचं बोट धरून मागे मोडलं. काडी मोडावी तसा आवाज मुद्रणात आहे. मग दोघंही जमिनीवर. मुद्रणात चार मिनिटं नुसता श्वास आणि फटके ऐकू येतात, आणि मध्येच काकांचा रडका आवाज: "सोड न, पोरी. सोड न. तुले मीनं खांद्यावर खेळोलं हाय."

पूर्वेत तोवर भरतच्या टोळीतला एक जण बेशुद्ध झाला होता. उरलेले तिघे त्याला ओलं फडकं लावून एका कोपऱ्यात जमिनीला तोंड लावून पडले होते.

तेवढ्यात फोन वाजला. खाणीच्या दारांपाशी जुने तारेचे फोन असतात. नऊ नंबरवरचा.

काकांनी झेप घेतली. "कोन?"

"बाबा, मी. बरा हाय. एक कान वाजून राह्यला फक्त."

"कुठी हायेस?"

"दारातच. टोकन टांगाले आलो होतो न. इथं मस्त वारा हाय."

एका क्षणात काकांच्या चेहऱ्यावरचं सगळं बदललं, असं ताई म्हणते. यंत्र रूपेशला दक्षिणेत मोजत होतं. रूपेश होता रेषेवर, विभाग जिथे कापला होता नेमका तिथे. दार उघडं राहो की बंद होवो, तो एक पाऊल अलीकडे आला की नळीखाली. सुरक्षित.

"अलीकडं ये. नळीखाली बस. हालू नको तिथून, आईची आन हाय तुले."

काकांनी रिसीव्हर मेजावर ठेवला. उठले. शर्टाला हात पुसला आणि काचेवर अंगठा टेकवला.

"कर," ते म्हणाले. ताईकडे न बघता.

ताई रिसीव्हरमध्ये बोलली. "रूपेश, नितेश कुठी हाय?"

"आतच हाय, ताई. पाय अडकला म्हने. पोचन्नाची हाक आली मघा. मंधात छत पडून हाय, मले जाता नाय येत."

त्यानंतर ताईनं आपला अंगठा लावला. पहिल्यांदा यंत्रानं घेतला नाही, रक्त होतं. तिनं तो कुर्त्याला पुसला आणि पुन्हा लावला. नोंदीत काकांच्या अंगठ्यात आणि तिच्या अंगठ्यात अकरा सेकंदांचं अंतर आहे. त्या अकरा सेकंदांबद्दल मी तिला कधी विचारलं नाही. विचारणारही नाही.

बाहेर फलकावरून सांबशिव लोनबले हे नाव गेलं. आईच्या हातात मघाचा भाकरीचा घास तसाच होता. ती पुढे झाली आणि नाव जिथे होतं त्या रिकाम्या ओळीला हात लावून उभी राहिली.

दक्षिण तीन, पूर्व चार. पुढच्या हाकेला दट्ट्या सरकला.

"ताई, दार हालून राह्यलं. बंद होऊन राह्यलं."

"हो."

"नितेश आत हाय न."

"माहीत हाय मले."

मग ताई बोलली, आणि ती जे बोलली ते तिनं मागितलं नव्हतं, नुसतं सांगितलं, असं ती म्हणते. मी तिच्यावर विश्वास ठेवतो. तिचा स्वतःचा तिच्यावर बसत नाही.

"वीतभर उघडं राह्यलं असतं तर जोर दोन्हीकडं निम्मा निम्मा झाला असता. वारा निम्मा नाय होत, रूपेश. दोन्हीकडं सत्तर टक्के जाते. साठ टक्क्यात धूर मागं राहते."

"मग ठेव न वीतभर."

"यंत्राले वीत माहीत नाय. दार म्हंजे शून्य नायतर एक, हे मीनंच लिवलं."

"त काय झालं? मले माहीत हाय न वीत."

काकांनी रिसीव्हर हिसकला. "रूपेश! हात लावशील त याद राख! निंघ तिथून! माह्या पोटचा असशील त निंघ!"

"बाबा, सब्बल हाय माह्यापाशी. खांबाजवळच होती." आणि मग, हसत, "नितेशच्या बापाले सांगतो आता, तुयं पोट्टं खरंच कामाचं नाय. पाय अडकवून बसलं."

आता इथून पुढचं मी स्वतः ऐकलं.

पहिला ठोका आला तेव्हा मला वाटलं पुन्हा छत चाललं. लोखंडावर लोखंड. मग शांतता. मी मोजत होतो. दुखण्यात मोजायची सवय आम्हा पखवाजवाल्यांना असते. बारा मोजले की पुन्हा ठोका. दाराचा दट्ट्या दाबाच्या हवेवर चालतो, दोन बैलांचं बळ. वाढप्याला दिसत होतं की दार बंद झालेलं नाही, म्हणून तो प्रत्येक हाकेला दट्ट्या मागे घेऊन पुन्हा हाणत होता. त्याचा दोष नाही. त्याच्या कोड्यात तिसरं उत्तरच नव्हतं. रूपेशनं सब्बल, ती लोखंडी पहार, चौकटीत आडवी घातली होती, आणि प्रत्येक तडाख्याला ती निसटत होती, आणि बारा सेकंदांत ती पुन्हा बसवायची होती.

आमच्याकडे आलेला धूर थांबला. मागे सरला. पोचन्ना रडायचा थांबला.

ठोका. मग नव्वद मीटरवरून आवाज, "बुवा! ताल बराबर हाय का बे?"

मी जीव खाऊन ओरडलो, "अर्धी मात्रा उशिरा!"

तो हसला. ऐकू आलं मला.

तिसाव्या ठोक्याच्या सुमारास त्याची किंकाळी आली. डाव्या हाताची बोटं सब्बल आणि चौकटीत सापडली होती. चारही. त्यानं एका हातानं सब्बल बसवायला सुरुवात केली. साठाव्याला सब्बल वाकली. मी ओरडलो, "सोड! सोड रे, बास झालं!" ठोका आला.

वर काकांनी हेल्मेट उचलून पडदा फोडला. काच फुटली, यंत्र कुठे त्या काचेत असतं? मग ते फोनला कान लावून बसले आणि प्रत्येक ठोक्याला नुसते हलले. ताई दुसऱ्या पडद्यावर होती. दाराला हात लावायची मुभा तिला नव्हती, पण गणित तिचंच, म्हणून खाण कुठे कापायची, हे लिहायची मुभा होती. तिनं दक्षिण आणि पूर्व यांच्यामधली रेषाच पुसली. दोन लहान कोडी जोडून एक केलं, आणि दार नऊ दार राहिलं नाही. वीतभर रुंदीचं भोक, कायमचं, असं लिहिलं. मोडलेल्या बोटानं. पण ज्या कामासाठी कोडं कापलं होतं तेच उलटं केल्यावर किंमत द्यावीच लागते. जोडलेलं कोडं अवाढव्य झालं. यंत्र ते सोडवत बसलं, आणि सुटेपर्यंत जुना निकाल चालू राहिला. दर बारा सेकंदांनी.

ऐंशीनंतर ठोक्याचा आवाज बदलला. लोखंडावर लोखंड राहिलं नाही. मंद, ओला, भरीव आवाज. पखवाजाच्या डाव्या तोंडावर, धूमेवर, कणीक जास्त झाली की येतो तसा. मला कळलं दारात आता काय आहे. पोचन्नानं माझे कान झाकले. मी त्याचे हात काढले. कोणीतरी ऐकायला हवं होतं.

एकशे चौदा. मग बारा मोजले, चोवीस मोजले, शंभर मोजले. ठोका आला नाही.

वर पडद्यावर नवं उत्तर आलं होतं. दार नऊ, वीतभर. दोन्हीकडे एकाहत्तर टक्के. पावणेतेवीस मिनिटं लागली होती. यंत्रानं उत्तर मान्य केलं तेव्हा ते उत्तर दारात आडवं पडलं होतं, खांदा चौकटीला आणि छाती लोखंडाला, आणि दार वीतभर उघडं होतं.

बचाव पथक आलं तेव्हा पूर्वेचे चौघे जिवंत निघाले. बेशुद्ध होता तोही. पोचन्ना चालत निघाला. माझा पाय तिथेच, दिव्याच्या उजेडात कापावा लागला. डॉक्टरनं तोंडात द्यायला पट्टा दिला, मी तो चावून तोडला. मला बाहेर नेताना नऊ नंबरच्या दारातून न्यावं लागलं. पथकवाल्यांनी माझ्या तोंडावर फडकं टाकलं. मी ते काढलं. खांबाला बाबाचं टोकन टांगलेलं होतं. खाली खर्र्याची पुडी फोडलेली, अर्धी खाल्लेली. बाबाच्या वाट्याची अर्धी त्यानं ठेवली होती.

भरत गेडामला मुलगी झाली. ती आता शाळेत जाते.

काका ताईशी सहा वर्षं बोलले नाहीत. लॅम्परूमच्या खिडकीतून तिला दिवा द्यायचे, नजर दिव्यावर. त्यांच्या मनगटावर तिच्या दातांची खूण आहे. ती लपवण्यासाठी ते कधी लांब बाह्यांचा शर्ट घालत नाहीत. लोक विचारायचे, काका, अंगठा तुम्हीच दिला होता ना? ते म्हणायचे, हो. नाकारला तवा अन् देल्ला तवा, दोन्ही वेळा काय मनात होतं तेबी मले माहीत हाय. सातव्या वर्षी एके सकाळी दिवा देताना त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"दात बसवून घे न, पोरी," ते म्हणाले. "बरं नाय दिसत."

ताईनं अजून बसवलेला नाही. पण त्या दिवशी ती घरी येऊन जेवली, पोटभर.

वाढप्या अजून आहे. ताईनं त्यात दोन ओळी वाढवल्या. एक: तिथीच्या दिवशी खाली नेलेलं टोकन फलकावर नाव दाखवील, पण मोजणीत शून्य धरलं जाईल. त्यामुळे आई अजून डबा घेऊन येते, आणि आता बाबाचं आणि रूपेशचं अशी दोन नावं बघत जेवते. दुसरी: सीमेवरच्या दाराला तीन उत्तरं. उघडं, बंद आणि वीतभर. त्यासाठी प्रत्येक दाराच्या चौकटीत पोलादाचा एक ठोकळा बसवला आहे, वीतभर लांब. दट्ट्यानं कितीही हाणलं तरी तो हलत नाही. आता दुसऱ्या खाणींतही तो बसतो. काका दर शनिवारी आमच्या खाणीतले सगळे ठोकळे पुसून तेल लावतात, स्वतःच्या हातानं.

खाणीतली नवी मुलं त्या ठोकळ्याला रूपेश म्हणतात. "दाराले रूपेश लाव रे." "नऊचा रूपेश गंजला काय?" "दोन रूपेश मागवा स्टोअरमधून." त्यांना वाटतं ते वस्तूचंच नाव आहे. एका पोरानं मला विचारलं, बुवा, हा शब्द कुठल्या भाषेतला?

माझं मागणं एवढंच. तुम्ही कोणी खाणीत जाल, न जाल. पण कुठेही दार अर्धवट अडवलेलं दिसलं, दगड लावून, चपला लावून, कुणाच्या पायानं, तर क्षणभर थांबा. आणि आठवा की रूपेश ठोकळा नव्हता. मारोती नागपुऱ्यांचा थोरला होता, खर्रा खायचा, देवळात मागे बसायचा आणि टाळ मुद्दाम अर्धी मात्रा उशिरा वाजवायचा. त्याला आठवा. हसत आठवा, त्याला तेच आवडायचं.